पानाच्या पाठीवरची कारागिरी

ऱ्हिओच्या पानाची पाठ जांभळी असते. अकरावीच्या प्रयोगवहीत आपल्यापैकी अनेकांनी जिची आकृती काढली, ती साल याच पाठीची. पान तिरकं फाडायचं, फाटलेल्या कडेला लोंबणारा पातळ पापुद्रा चिमट्याने उचलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. आकृती झाली, नावं दिली, शिक्षकांची सही मिळाली की पापुद्रा नळाखाली वाहून जायचा. वनस्पतिसृष्टीतलं सर्वांत देखणं काम आपण असं तासाभरात उरकलं. त्याच पापुद्र्याकडे पुन्हा, या वेळी गुणांची घाई नसताना, पाहू या.

आधी रंग बघा. जांभळ्या षट्कोनी पेशी एकमेकींना खेटून बसल्या आहेत. मधूनमधून चार फिकट पेशींची चौकट दिसते आणि त्या चौकटीत, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा, दोन हिरव्या पेशी. या रक्षक पेशी. त्यांच्यामधली फट म्हणजे पर्णरंध्र. सालीतल्या बाकीच्या पेशींत हरितलवकं बहुधा नसतात, या दोघींत मात्र ती ठसठशीत दिसतात. आणखी एक खूण शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यातली नाही, म्हणून सांगायला हवी. वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी भिंतीतून आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडलेल्या असतात. क्षार, शर्करा, निरोप त्यांतून ये-जा करतात. रक्षक पेशी कोवळी असते तेव्हा तिलाही हे धागे असतात. ती पूर्ण वाढली की ते बंद होतात. जिला घटकाघटकाला स्वतःच्या आतला दाब चढवायचा-उतरवायचा आहे, तिने शेजारणीकडे क्षार झिरपू दिले तर दाब टिकणार कसा? साऱ्या पानाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या पेशीला पानापासून इतकं अलिप्त ठेवलं आहे. या कामातली दाद द्यावी अशी पहिली जागा मला हीच वाटते.

आता नजर एका रंध्रावरून काढून सगळ्या पसाऱ्यावर टाका. रंध्रं कशीही विखुरल्यासारखी दिसतात, तरी कुठेही दोन रंध्रं एकमेकांना चिकटलेली नाहीत. दोघांमध्ये निदान एक साधी पेशी असतेच. पान अगदी कोवळं असताना सालीतली एखादी पेशी विषम विभागते: एक मोठी, एक लहान. लहानीच्या वाट्याला रंध्र होणं येतं, आणि तसं ठरताच ती आजूबाजूला छोट्या प्रथिनांचा निरोप सोडते की इथे आता दुसरं रंध्र नको. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे इवलंसं रोप वनस्पतिशास्त्रज्ञांच्या विशेष लोभातलं. हा निरोप ऐकणारं जनुक बिघडलेली त्याची रोपं प्रयोगशाळांत अभ्यासली गेली आहेत. त्यांच्या पानांवर रंध्रांचे घोसच्या घोस उमटतात. अशा दाटीत रक्षक पेशीला क्षार आणि पाणी देण्या-घेण्यासाठी शेजारी साधी पेशीच उरत नाही, आणि उघडमीट नीट होत नाही. रंध्राभोवतीची मोकळी जागासुद्धा आधी ठरवून राखलेली असते, हे कळल्यावर त्या पापुद्र्याकडे पाहण्याची नजरच बदलते.

या मोकळ्या जागेचं दुसरं मर्म १९०० साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या जॉड्रेल प्रयोगशाळेत उलगडलं. होरेस ब्राउन आणि फर्ग्युसन एस्कॉम्ब यांच्यापुढचा प्रश्न असा होता: सगळी रंध्रं पूर्ण उघडली तरी त्यांचं एकूण क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपासच भरतं. एवढ्याशा वाटेने पान इतका कार्बन डायऑक्साइड आत घेतं तरी कसं? त्यांनी पातळ पडद्यांना निरनिराळ्या मापांची भोकं पाडून त्यांतून वायू किती जातो ते मोजलं. उत्तर चकित करणारं निघालं. बारीक भोकातून जाणारा वायू भोकाच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, व्यासाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पावपट होतं, पण वायूचा ओघ मात्र निम्म्यावरच थांबतो. वायूचे रेणू भोकाच्या कडेवरून चहूबाजूंना फाकतात, आणि भोक जितकं लहान तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड अधिक. म्हणून एका मोठ्या भोकापेक्षा तेवढ्याच एकूण क्षेत्रफळाची शेकडो बारीक भोकं कितीतरी जास्त वायू पार करतात. अट एकच, त्यांनी एकमेकांपासून पुरेसं अंतर ठेवावं; नाहीतर एकाचा फाकलेला ओघ दुसऱ्याच्या ओघात मिसळतो आणि सगळा लाभ जातो. रंध्राची लांबी साधारण दहा ते तीस मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बऱ्याच झाडांच्या पानांवर एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर ते तीनशे रंध्रं असतात. नखाएवढ्या तुकड्यावर त्यांची संख्या हजारांत जाते, आणि तरी पानाचा अठ्ठ्याण्णव टक्के पृष्ठभाग मेणाच्या थराखाली बंदच राहतो. इतकं झाकून इतकं मोकळं राहण्याची ही मापं ब्राउन आणि एस्कॉम्ब यांनी गणिताने सिद्ध केली. पानांनी ती त्याआधी कोट्यवधी वर्षं वापरली होती.

आता रक्षक पेशीच्या भिंतीजवळ जाऊ. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. साध्या पेशीत पाणी भरलं की ती सगळीकडून फुगते. अशा दोन पेशी शेजारीशेजारी फुगल्या तर मधली फट बुजायला हवी. रक्षक पेशी फुगतात तेव्हा फट उघडते. पाठ्यपुस्तक सांगतं की फटीकडची भिंत जाड असते आणि बाहेरची पातळ. ते खरं आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. भिंतीत सेल्युलोजचे तंतू कोणत्या दिशेने घातले आहेत ते पाहा. ते पेशीला आडवे वेढे देतात, फटीच्या बाजूने निघून बाहेरच्या कडेकडे फाकत जातात. या वेढ्यांमुळे पेशीला जाड होता येत नाही, लांब मात्र होता येतं. दोघींची टोकं तर एकमेकींना पक्की जोडलेली. लांबी वाढते आहे आणि टोकं जागची हलत नाहीत, मग पेशीने बाहेरच्या अंगाला वाकायचं, एवढंच उरतं. १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फुग्यांवर चिकटपट्ट्या लावून याची प्रतिकृती केली. फुगे फुगवले तसे ते वाकले आणि मध्ये फट पडली. बिजागरी नाही, स्नायू नाही. तंतू कुठल्या दिशेने घालायचे एवढ्या एका गोष्टीतून सगळी हालचाल निघाली आहे.

आणि या हालचालीला शेजाऱ्यांचा विरोधही हिशोबात धरलेला आहे. भोवतालच्या पेशी स्वतःच्या दाबाने रक्षक पेशींना आत रेटत असतात. पान देठापासून तोडलं तर पाणी आधी या शेजारी पेशींतलं घटतं, त्यांचा रेटा सैल पडतो, आणि रंध्रं मिटण्याऐवजी काही मिनिटं उलट अधिक उघडतात. मग सावरून मिटतात. चार्ल्स डार्विनचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी रंध्रांची उघडमीट टिपण्यासाठी शिंगाच्या पातळ पट्टीचं एक साधं उपकरण बनवलं होतं. दमट हवा लागली की पट्टी वाकायची आणि काटा सरकायचा. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांमुळे पान हे सतत काहीतरी ठरवत असतं, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसू लागलं. अशा साध्या उपकरणातून एवढं बारीक वाचन करणाऱ्या माणसाबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

हालचाल सुरू कशाने होते? उजेडातल्या निळ्या रंगाने. रक्षक पेशींवर निळा प्रकाश पडला की त्यांच्या पटलातले पंप हायड्रोजनचे आयन बाहेर टाकू लागतात. पेशीच्या आतला विद्युतभार अधिक ऋण होतो, आणि त्या ओढीने पोटॅशियमचे आयन ठरलेल्या वाटांनी आत शिरतात. पोटॅशियमची ही ये-जा जपानचे इमामुरा यांनी १९४३ मध्येच नोंदवली होती. इतरांना तिचं महत्त्व पटायला १९६० चं दशक उलटत यावं लागलं. पोटॅशियमचा भार तोलायला क्लोराइड येतं, शिवाय पेशी आपल्याच स्टार्चपासून मॅलिक आम्ल बनवते. आत क्षार दाटले की त्यांच्या मागोमाग पाणी येतं, दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पटींनी चढतो आणि फट उघडते. लाल प्रकाशाचं काम वेगळ्या मार्गाने चालतं. पानाच्या मधल्या थरातल्या पेशी लाल प्रकाशात प्रकाशसंश्लेषण करू लागल्या की आतल्या पोकळीतला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि ती घट रंध्राला जाणवते. म्हणजे रंध्राकडे दोन स्वतंत्र बातम्या येतात: बाहेर दिवस उजाडला, आणि आत साठा कमी झाला. दोन्ही ऐकून ते किती उघडायचं ते ठरवतं. इतकी सावधगिरी कशासाठी, हे कळायला व्यवहाराचे आकडे पाहावे लागतात.

पानाला हवा आहे कार्बन डायऑक्साइड. हवेच्या दहा हजार भागांत तो जेमतेम चार भाग असतो. पानाच्या आतली पोकळी मात्र वाफेने जवळपास भरलेली. तीस अंश तापमानाला तिथल्या दहा हजार भागांत सुमारे चारशे भाग वाफ असते. दार एकच. चार भागांतलं काही आत घ्यायला ते उघडलं की चारशेंतलं बरंच बाहेर पडणारच. भात-गव्हासारख्या पिकांत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पदरात पडेपर्यंत पाण्याचे चारशे-पाचशे रेणू खर्ची पडतात. हा खर्च पहिल्यांदा तराजूवर मांडला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. १७२४ च्या उन्हाळ्यात त्याने साडेतीन फुटांचं सूर्यफूल कुंडीत वाढवलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ ती वजन करत राहिला. दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाणी एका झाडातून हवेत जात होतं. १७२७ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात हे सगळे आकडे आहेत.

मात्र या खर्चात उधळपट्टी कुठे दिसत नाही. १९७९ साली कॅनबेरातल्या वाँग, कोवन आणि फार्कर या तिघांनी दाखवून दिलं की पानाची कार्बन बांधण्याची ताकद बदलली तर रंध्रांचं उघडणंही त्याच प्रमाणात बदलतं. उजेड कमी केला, खत कमी दिलं, तरी पानाच्या आतल्या आणि बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडचं गुणोत्तर फारसं ढळत नाही. भात-गव्हाच्या वर्गातल्या वनस्पतींत ते साधारण सात दशांशाच्या आसपास राहतं. आतल्या पेशींना जेवढं वापरता येईल तेवढंच आत घ्यायचं, त्याहून अधिक फट ठेवून पाणी वाया घालवायचं नाही. रंध्राच्या साऱ्या कामाचं सार या एका गुणोत्तरात आहे, आणि ते इतकं स्थिर असावं याचं आश्चर्य ओसरत नाही.

आता ज्वारीच्या पानाची साल पाहा. इथे रक्षक पेशींची घडणच वेगळी. दोन्ही टोकांना फुगीर, मध्ये बारीक आणि ताठ, डंबेलच्या आकाराच्या. टोकं फुगली की मधले ताठ दांडे समांतर दूर सरतात. प्रत्येक रक्षक पेशीच्या पाठीशी एक साहाय्यक पेशी, जी पोटॅशियम सांभाळून ठेवते आणि लागेल तेव्हा देते. एकीचा दाब चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो, त्यामुळे शेजारचा विरोधही मावळतो. थोडक्या पाण्याच्या हालचालीत मोठी फट, आणि तीही झपाट्याने. ढग आला, ऊन गेलं, की गवताच्या कुळातली ही रंध्रं इतर बऱ्याच वनस्पतींच्या आधी जुळवून घेतात. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर सोलापूरकडची मालदांडी ज्वारी हिवाळा काढते, तिथे या तत्परतेला किंमत आहे.

ज्वारीच्या पोटात दुसरीही एक युक्ती आहे. ऊस, मका, बाजरी यांच्यात तीच. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून ती उकलली. ही पानं कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनी आम्लात बांधतात आणि शिरांभोवतीच्या खास पेशींत नेऊन तिथे तो दाट करून सोडतात. पंपच असा तगडा असल्यामुळे फट बारीक ठेवूनही भागतं. एका रेणूमागे पाण्याचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. ज्वारीला आपण कोरडवाहू पीक म्हणतो, त्यामागचं एक कारण हे.

पाणी खरोखरच आटू लागलं तर? मुळांत आणि पानांत ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते रक्षक पेशींपर्यंत पोचलं की काही मिनिटांत क्षारांच्या वाटा उलट दिशेने उघडतात, पाणी निघून जातं, फट मिटते. हे संप्रेरक पुरेसं बनवू न शकणारं टोमॅटोचं एक रोप अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. त्याची रंध्रं मिटायला तयार नसतात, त्यामुळे साध्या उन्हातही ते माना टाकतं. बाहेरून ॲबसिसिक आम्ल फवारलं की तेच रोप सावरतं. उन्हाळ्यात भर दुपारी कितीतरी झाडं घटकाभर रंध्रं आवळून घेतात आणि कलत्या उन्हात पुन्हा उघडतात. त्या वेळात झाड उपाशी राहणं पत्करतं, पण मुळापासून पानापर्यंत ताणलेला पाण्याचा अखंड धागा तुटू देत नाही. त्या धाग्याची ताकद पाण्याच्या रेणूंच्या परस्पर आकर्षणात आहे, हे डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९० च्या दशकात मांडलं. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते रंध्रांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने. म्हणजे ज्याला आपण आत्ता खर्च म्हटलं, तीच ओढ मातीतले क्षार पानापर्यंत आणून पोचवते आणि उन्हात पानाला थंडही ठेवते.

कुंपणाच्या कडेला वाढणारी पानफुटी तर वेळापत्रकच उलटं करते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत भारतात राहिलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची पानं निरनिराळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव. त्याचं पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पुढे कळलं ते असं: पानफुटी रात्री, हवा थंड आणि दमट असताना रंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, आणि दिवसा सगळी रंध्रं मिटून घेऊन त्या आम्लातून तो परत मिळवत प्रकाशसंश्लेषण करते. सकाळचा आंबटपणा हा रात्रीच्या साठ्याचा. जिभेने सुरू झालेला हा शोध पुढे एका अख्ख्या चयापचय मार्गापर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जागेची निवडही दाखवायची राहिली. कण्हेरीच्या पानाच्या पाठीवर लहान लहान खळगे असतात, त्यांत बारीक केस, आणि रंध्रं त्या खळग्यांच्या आत, वाऱ्यापासून दूर. कमळाच्या तरंगत्या पानाची पाठ पाण्यावर टेकलेली, म्हणून त्याची रंध्रं वरच्या बाजूला. पाण्यात बुडून राहणाऱ्या हायड्रिलाला ती लागतच नाहीत.

ही रचना किती जुनी? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या दगडांत चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पती जपल्या गेल्या आहेत. उष्ण झऱ्यांतल्या सिलिकाने त्या इतक्या तंतोतंत मुरवल्या की चकतीवर पेशी न पेशी दिसते. त्या वनस्पतींना खरी पानं नव्हती, मुळं नव्हती. हिरव्या काड्या होत्या. त्या काड्यांवर दोन रक्षक पेशींचं रंध्र मात्र आहे, आजच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखू येईल असं. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या कित्येक पट होता, त्यामुळे रंध्रं विरळ पुरत. रुंद पानं सर्वत्र दिसू लागली ती त्यानंतर चार-पाच कोटी वर्षांनी, हवेतला कार्बन डायऑक्साइड पुष्कळ उतरल्यावर. डेव्हिड बीअरलिंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विलंबाचं एक सुरेख स्पष्टीकरण दिलं: विरळ रंध्रांचं रुंद पान उन्हात तापून गेलं असतं, कारण त्याला थंड करण्याइतकी वाफ बाहेर पडली नसती. हवा बदलली, रंध्रं दाट झाली, तेव्हा कुठे पान पसरू शकलं. पिंपळाच्या रुंद पानाकडे पाहताना हा इतिहास मनात असला की ते पान वेगळंच दिसतं.

हवा आताही बदलते आहे, आणि फार वेगाने. कारखानदारीच्या आधी दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत मोजायला घेतला तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. कीलिंग यांच्या आलेखात दर वर्षी एक चढ-उतार दिसतो: मे महिन्यात शिखर, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतार. उत्तर गोलार्धातली अगणित रंध्रं उन्हाळाभर कार्बन आत ओढतात, त्याची ही खूण.

या बदलाची नोंद रंध्रांनी आपल्या संख्येतही केली आहे. इयन वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या वनस्पतिसंग्रहातली वृक्षांची जुनी वाळलेली पानं काढून त्यांवरची रंध्रं मोजली. १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की दोनशे वर्षांत त्यांची घनता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. नियंत्रित हवेत रोपं वाढवून त्यांनी कारण पडताळलं. ते कार्बन डायऑक्साइडच होतं. सगळ्याच जाती असा प्रतिसाद देत नाहीत, काही मुळीच देत नाहीत. पण ज्या देतात त्यांची रीत विलक्षण आहे. शेफिल्डमधल्या एका प्रयोगात एकाच रोपाची जुनी पानं बंद पेटीत वेगळ्या हवेत ठेवली आणि कोवळी पानं वेगळ्या. कोवळ्या पानांवर रंध्रं किती उमटायची हे ठरलं ते जुन्या पानांना मिळालेल्या हवेवरून. कळीत मिटलेल्या पानाला बाहेरची हवा कळायची सोय नसते. उघड्यावर असलेल्या थोरल्या पानांनी ती ओळखून त्याला कळवायची. पर्णरंध्राच्या अख्ख्या कहाणीत माझी सर्वांत आवडती जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी याच प्रयोगाचं नाव घेईन.

वाढता कार्बन डायऑक्साइड झाडांना मानवतो, हे वाक्य अलीकडे फार सहज बोललं जातं. ते अर्धवट वाचन आहे. खुल्या शेतात जास्त कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या प्रयोगांत रंध्रांचं उघडणं सुमारे एक पंचमांशाने कमी झालं, पाणी वाचलं, हे खरं. पण वाफ कमी गेली की पान तेवढं कमी थंड होतं. शिवाय तापमान एका अंशाने वाढलं की हवेची वाफ सामावून घेण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणजे कोरड्या दिवसांत तीच हवा पानातून अधिक जोराने पाणी खेचते. रंध्राला एकाच वेळी दोन परस्परविरोधी ताण सांभाळावे लागतात. तशाच प्रयोगांत गव्हाच्या आणि भाताच्या दाण्यांतलं जस्त, लोह आणि प्रथिनं घटलेली आढळली. जमिनीवरून हवेत जाणाऱ्या वाफेतला मोठा वाटा या फटींतून जातो; त्या किंचित आवळल्या तर नद्यांचं पाणी, जमिनीतली ओल, ढग या सगळ्यांचे हिशोब हलतात. रंध्राने आजवर हवेतले मोठे बदल पचवले ते लाखो वर्षांच्या सवडीने. ही सवड आपण त्याला दिलेली नाही, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

वुडवर्ड यांना तो निष्कर्ष काढता आला, कारण कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी पानं वाळवून, तारीख-ठिकाण लिहून, कागदावर चिकटवून जपून ठेवली होती. असे संग्रह आपल्याकडेही आहेत: मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांची पानं तिथे कागदांवर आहेत. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते कागद दाखवावेत, परवानगी घेऊन त्या पानांवरची रंध्रं मोजायला लावावीत आणि त्याच जागच्या आजच्या झाडांशी ताडून पाहावीत. सूक्ष्मदर्शक, चिकाटी आणि नीट ठेवलेली वही एवढंच त्याला लागतं. आणि जिथे हे संग्रह जागेअभावी, माणसांअभावी धूळ खात असतील, तिथे ते राखण्यासाठी आपण सगळ्यांनी आग्रह धरावा.